अप्पांना मातीत बसवायचं होतं

उमादेवीच्या सासऱ्याला खोकला लागला, तेव्हा तिनं सगळ्यात आधी गल्लीकडची खिडकी लावून घेतली. औषधाचं नंतर बघता येईल, म्हणाली.

उदगीरच्या वाटेवरच्या त्या गावात, मोंढ्यामागच्या गल्लीत, तेव्हा खोकणं चोरी करण्यापेक्षा वाईट होतं. गल्लीच्या दोन्ही तोंडांना बांबू आडवे बांधलेले, त्यावर बाभळीच्या काट्या. पोलिसांची गाडी आली की सगळे आत, गेली की सगळे बाहेर. बाहेर येऊन करायचं काय, तर शेजारी कोण शिंकलं ते ऐकायचं. मास्क प्रत्येकाकडं होता, तो हनुवटीला. पुण्याहून चालत आलेल्या पुतण्याला सख्ख्या चुलत्यानं बांबूच्या अलीकडून भाकरी दिली, तीही काठीला पिशवी अडकवून. वर म्हणाला, "पिशवी परत करू नको. ठेव तुलाच."

मागच्या घरातली विठाबाई खोकायला लागली, तेव्हा सरकारी दवाखान्याला फोन उमादेवीनंच केला होता. लपून नव्हे. गच्चीवर उभी राहून, विठाबाईच्या लेकाला, शिवमूर्तीला, ऐकू जाईल असा. गाडी आली, म्हातारीला घेऊन गेली. परत आली ती खबर. प्लास्टिक घातलेल्या माणसांनी तिला प्लास्टिकात गुंडाळून सरणावर ठेवलं होतं.

ही माणसं शिवाची. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. त्यांच्यात मयत जाळत नाहीत, मातीत बसवतात. मांडी घातलेली, हातात लिंग, अंगावर बेल. विठाबाई मेली याचं गल्लीला बेताचंच वाईट वाटलं. ती जळाली, हे मात्र कुणाच्या घशाखाली उतरेना.

"गेली त्याचं काय न्हाई," समोरच्या घरातली कोंडाबाई म्हणाली, "पण जाळली की ओ तिला. आता वर जाऊन काय तोंड दाखवंल ती?"

"मग खोकायचं कशाला," उमादेवी म्हणाली.

आणि आता तिच्याच घरात सासरे, धोंडप्पा, खोकत होते. ऐंशी कधीच ओलांडलेला माणूस. शेतात लिंबाखाली त्या घराण्याची माणसं ओळीनं मातीत बसलेली, त्या ओळीत बायकोच्या शेजारची जागा अप्पांनी स्वतः काठीनं आखून ठेवलेली. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, एखाद्यानं नव्या घराचा प्लॉट दाखवावा तशी. त्या ओळीतलं एकही माणूस आगीत गेलेलं नव्हतं. अप्पा गेले, तर विठाबाईवर गल्ली बोलली ते सगळं उमादेवीच्या दारात येऊन पडणार होतं. नवरा गेल्यावर तिनं दुकान, घर आणि तोंड, तिन्ही एकटीनं चालवलं होतं. दारात असलं काही पडू देणारी बाई ती नव्हती.

तिनं अप्पांची खाट मागच्या धान्याच्या खोलीत नेली, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. सून, सुकन्या, ताट आत सरकवायची. आलं, मिरं, हळद, गवती चहा, गल्लीत ज्यानं जे सांगितलं ते सगळं उकळून पाजलं. अप्पांचा दम काही खाली बसेना.

"आई, अप्पाला दवाखान्यात न्यावं लागंल," लेक महांतेश म्हणाला.

"ने की. येताना काय आणशील? मडक्यात घालून राख?"

महांतेश गच्चीवर गेला आणि मोबाईल बघत बसला. त्याचं दुःख नेहमी गच्चीवर जायचं.

मग सरकारी दवाखान्याची आशाताई आली, लुंबिनी. घरोघर फिरून तिचा चेहरा उन्हानं रापलेला. पायरीखालीच उभी राहिली, कारण उमादेवी उंबऱ्यात आडवी.

"काकू, म्हातारबाबा कुठायत?"

"पूजेत बसलेत."

"बोटाला हे मशीन लावू द्या. लगेच होतं."

"तुझं मशीन शिवून पुन्हा पूजेत बसावं व्हय त्यांनी?"

"मी न्हाई शिवत, मशीनच शिवतंय," लुंबिनी म्हणाली. "त्याला जात नसती, काकू."

तेवढ्यात आतून तांब्या वाजला. अप्पा भिंतीवर तांब्या आपटत होते. त्यांच्यात हाक मारण्याइतका आवाज उरला नव्हता, हात उरला होता.

"ते काय वाजायलंय?"

"भजन चाललंय."

लुंबिनीनं समोर कोंडाबाईकडं बघितलं. कोंडाबाई दारात गहू निवडत होती. तिला ऐकू येत होतं. गल्लीभर ऐकू येत होतं. पण घरात पेशंट निघाला की गल्लीला पत्रे ठोकणार, दूध बंद, अर्धं शटर वर करून चाललेली दुकानं बंद. विठाबाईच्या वेळेला पत्रे ठोकले होते ते आत्ताच कुठं निघाले होते. कोंडाबाईनं सुपातला खडा काढून टाकला.

"हाव, रोजच वाजवतात अप्पा," ती म्हणाली.

"रोजच," बाजूच्या दारातूनही कुणीतरी म्हणालं.

लुंबिनीनं मशीन पिशवीत टाकलं. "ताल चुकायला लागलाय त्यांचा," म्हणाली, आणि पुढच्या दाराला गेली.

उमादेवीनं कुलूप काढलं, आत जाऊन तांब्या काढून घेतला.

"ती पोरगी गेली का?" अप्पांनी विचारलं.

"गेली."

"बोलव तिला. दवाखान्यात न्या मला."

"तिथनं माणूस परत येत न्हाई, अप्पा."

"येतात काही. मीबी येईन."

"आणि न्हाई आलात तर? जाळतील तुम्हाला."

अप्पांनी दम गोळा केला. "जाळू दे. मेल्यावर मला काय कळणार हाय? मला जगायचंय, उमे."

उमादेवीला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. मग तिला लाज वाटली, त्यांच्यासाठी. जन्मभर ज्यानं ती जागा मिरवली, त्यानं दोन-चार श्वासांसाठी ती सोडावी, आणि तेही सुनेसमोर बोलून दाखवावं.

"ताप डोक्यात गेलाय तुमच्या," ती म्हणाली. त्यानंतर अप्पा जे काही बोलले ते तिनं तापाच्या खात्यावर टाकलं.

महांतेश खाली आला होता. दारात उभा राहून त्यानं सगळं ऐकलं होतं. "किल्ली दे," तो म्हणाला.

"घे की."

किल्ली तिच्या कमरेला होती. ती दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी राहिली. महांतेशनं किल्लीकडं बघितलं, आईच्या तोंडाकडं बघितलं. मग जिना चढला.

अप्पांच्या छातीत घरघर सुरू झाली, तेव्हा उमादेवीनं मळ्यातून बेल मागवला आणि विभूती काढून ठेवली. सासू गेली त्या वेळचं तिच्या ध्यानात होतं. सासू झोपेत गेली, कुणाला कळलं नाही, अंग ताठलं. मांडी घालताना गुडघ्यांचा आवाज ओसरीवरच्या पाहुण्यांनी ऐकला होता. हे पुन्हा होऊ द्यायचं नव्हतं. तिनं सुकन्याला हाक मारली, दोघींनी अप्पांना खाटेवरून खाली घेतलं आणि भिंतीला टेकवलं.

"आत्या, श्वास चालू हाय," सुकन्या म्हणाली.

"दिसतंय मला. तो गुडघा धर."

अप्पांनी डोळे उघडले. "उमे, मी हाय अजून."

"हाव. म्हणून तर आत्ता बसवते. नंतर वाकत न्हाईत."

मांडी घातली. मान पडायला लागली, म्हणून धोतराचा पट्टा कपाळावरून घेऊन भिंतीतल्या खुंटीला बांधला. तळहातावर लिंग ठेवलं, तो हात पुन्हा पुन्हा मिटायला बघायचा, ती पुन्हा पुन्हा उघडायची. दुपार कलली आणि हात उघडा राहिला. मग उमादेवी गल्लीत ऐकू जाईल असं रडली.

गल्ली बाहेर आली. आजवर अप्पा ठणठणीत आहेत म्हणणाऱ्या सगळ्यांनी मास्क हनुवटीवरून नाकावर ओढले, आणि नाली ओलांडून अलीकडं कुणी आलं नाही.

"कशानं गेले?" कोंडाबाईनं लांबूनच विचारलं.

"वयानं. पूजेत बसल्या बसल्या."

"पुण्यवान माणूस," कोंडाबाई म्हणाली. "बसूनच गेले."

जंगमस्वामींनी मयताच्या डोक्याला पाय लावायचा असतो. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच पाय उचलल्यासारखा केला आणि मंत्र भरभर आटोपला. बांबूचं विमान सजवलं, त्यात अप्पा ताठ बसले, विभूती लावलेले. खांद्याला मोजकी घरचीच माणसं. महांतेश मात्र हात लावेना.

"तू मारलंस त्यांना," तो आईला म्हणाला. हळू म्हणाला, गल्लीला ऐकू जाणार नाही एवढं.

"मी कुलूप लावलं," उमादेवीही तेवढ्याच हळू म्हणाली. "त्या दाराचा कोयंडा एका लाथेत निघतो, ल्हानपणी तूच काढला होतास. लाथ माराया कुणी अडवलं होतं तुला? किल्ली मागितलीस, मी घे म्हणले. हात का पुढं आला न्हाई? तुला दवाखाना पायजे होता, पण नेणारा दुसराच कुणीतरी पायजे होता."

नालीपलीकडं सगळी गल्ली उभी होती. महांतेश वाकला आणि पुढचा बांबू खांद्यावर घेतला. विमान एका अंगाला कललं, आत अप्पांचं डोकं हललं.

"सरळ धर," उमादेवी म्हणाली. "लोक बघायलेत."