मार्गरेटची बरणी

मी एक जुना काचेचा बुधला आहे. माझ्यात बिअर आंबवतात. मित्रांनो, ते मोठ्या माणसांचे पेय आहे, पण माझी गोष्ट पेयाची नाही. ती एका विरजणाची आहे, आणि ती सांगताना मला आजही मान वर करवत नाही.

माझी उमेदीची वर्षे ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या एका गॅरेजमध्ये गेली. घर वॉरन नावाच्या गृहस्थांचे. ते पोर्ट केम्बलाच्या पोलाद कारखान्यात फिटर होते. त्यांची पत्नी मार्गरेट मोड आणून वाळवलेल्या जवाचे गोड पाणी उकळायची, निवले की माझ्यात ओतायची आणि त्यात बरणीतले पातळ यीस्ट घालायची. दह्याला जसे विरजण, तसे बिअरला यीस्ट. ते जिवंत असते. साखर खाते आणि बुडबुडे सोडते. दर वेळी माझ्या तळाशी बसलेला गाळ ती पुढच्या खेपेसाठी पुन्हा त्याच बरणीत भरून ठेवी. एकोणीस वर्षे ते विरजण तिने मोडू दिले नाही. बरणीवरच्या चिठ्ठीवर तिच्या तिरप्या अक्षरात तिचे नाव होते.

मार्गरेट वारली. वॉरननी पुढे ते विरजण एकट्याने जपले. मग त्यांचे गुडघे थकले आणि ते मुलीकडे ॲडलेडला जायला निघाले. जाताना त्यांनी मला आणि बरणीला शेजारच्या सलिलच्या हवाली केले. सलिल पुण्याचा. त्याच कारखान्यात इंजिनिअर होता, आणि बिअर करायला वॉरनच्या गॅरेजमध्येच शिकला होता. दर दोन महिन्यांनी हिला गोड पाणी पाज, एवढेच वॉरननी त्याला बजावले.

सलिल वाईट माणूस नव्हता. पहिली दोन पाणी त्याने वेळेवर पाजली. मग त्याची शिफ्ट बदलली, घरात पाहुणे आले, आणि त्याच्या गॅरेजमधल्या फ्रीजमध्ये बरणी हळूहळू लोणच्यांच्या मागे गेली. दहा महिने तिच्याकडे कुणी पाहिले नाही. मी समोरच्या फळीवर धूळ खात होतो. मला दिसत होते.

एके दिवशी वॉरनचा फोन आला. सहा आठवड्यांनी ते एका मित्राच्या पंचाहत्तरीला येणार होते, आणि मार्गरेटची बिअर प्यायला सलिलकडे डोकावणार होते.

सलिलची धांदल उडाली. त्याने गोड पाणी तयार केले आणि अर्धी बरणी माझ्यात ओतली. खरे तर आधी वाटीभर पाण्यात थोडे यीस्ट घालून फेस येतो का ते पाहायचे असते. वॉरननी शिकवले होते. त्याला तेवढा दम नव्हता. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. माझ्या झाकणावरच्या, बुडबुडे बाहेर सोडणाऱ्या नळीतले पाणी हललेसुद्धा नाही. सलिलने बरणी हुंगली. पावासारखा वास यायला हवा होता, आला जळक्या रबराचा.

त्याची बायको शाल्मली म्हणाली, की वॉरनना आत्ताच फोन कर.

“काय सांगू?” सलिल म्हणाला. “तुमच्या बायकोने जपलेलं मी मारलं, असं सांगू?”

त्याने फोन केला नाही. दुकानातून सुक्या यीस्टची पुडी आणून माझ्यात रिकामी केली. बरणीत उरलेले सिंकमध्ये ओतले आणि बरणी आतून उकळत्या पाण्याने धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भडाभडा बुडबुडे सोडू लागलो. मित्रांनो, इतक्या जोमाने मी कधी खोटे बोललो नव्हतो. दोन आठवड्यांनी बाटल्या भरल्या गेल्या, आणि माझ्या तळाचा तो परका गाळ मार्गरेटच्या नावाच्या बरणीत जाऊन बसला.

ठरल्याप्रमाणे रविवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, वॉरन आले. त्यांनी ग्लास उजेडात धरला, घोट घेतला, छान झालीय म्हणाले. मग जरा संकोचून त्यांनी थोडे यीस्ट मागितले. मुलीला आता बिअर करायला शिकायचे होते. तिला आईच्या हातचे काहीतरी हवे होते.

सलिलने बरणी बाहेर काढली. वॉरननी हात पुढे केला. बरणी दिली असती तर कुणाला कळले नसते. मी तर बोलू शकत नाही.

“वॉरन, हे तिचं नाही,” सलिल म्हणाला. “तिचं माझ्या हातून मेलं. हे दुकानातलं आहे.”

वॉरन एका उलट्या क्रेटवर बसले. मग त्यांनी विचारले, की बरणीत उरलेल्याचे काय केले. सलिलने तेही सांगितले.

“सगळं सहसा मरत नाही, मेट,” ते हळूच म्हणाले. “तळाशी थोडं जिवंत राहतं. आधी चमचाभर गोड पाणी द्यायचं, मग कपभर. कदाचित आठवड्याभरात उठलं असतं. तू फक्त फोन करायचा होतास.”

त्यांनी ग्लास संपवला. बरणीवरची चिठ्ठी नखाने अलगद सोडवली, शर्टाच्या खिशात ठेवली, शाल्मलीचा निरोप घेतला आणि ते गेले.

मित्रांनो, कुणी जिवंत काही तुमच्या हाती सोपवले तर त्याला वेळेवर खाऊपिऊ घाला. चुकलात, तर त्याच दिवशी सांगा. लाज वाटेल. तरी सांगा. ऐकणाऱ्याला कदाचित उपाय ठाऊक असेल.