राइला मावशीचे न बोललेले वाक्य

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मला माझ्याच आवाजाची किळस येते. विद्यापीठाच्या भाषाविभागातल्या लोखंडी कपाटात मी पडून आहे. पाली माझ्या पोटात अंडी घालतात. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. पालींनी निदान माझ्याकडून खोटे वदवून घेतलेले नाही.

माझा जन्म जपानातला. बोटीने कलकत्त्याला उतरलो आणि प्राध्यापक निरंजन रथांच्या हाती पडलो. रथबाबू भाषा गोळा करीत. मला खांद्याला लटकावून ते कोरापुटच्या डोंगरातली गावे पालथी घालायचे. त्यांच्याकडे आठशे वाक्यांची एक वही होती. ते वाक्य वाचत, समोरचा माणूस ते आपल्या भाषेत म्हणे आणि मी ते फितीवर धरून ठेवी. "याचा कान माझ्याहून तिखट आहे," असे ते चारचौघांत सांगत, तेव्हा मी फुगून जाई. पानाने रंगलेल्या बोटांनी ते माझी बटणे बरबटवून टाकत, तेही मी चालवून घेई.

पुटपदर गावात राइला मावशी भेटली. तिच्याइतकी स्वच्छ भाषा त्या डोंगरात कुणाची नव्हती. सकाळी शेतावर जाण्याआधी ती गावच्या दगडी पारावर येऊन बसे. पोखरून वाळवलेल्या भोपळ्यात नाचणीची पेज असे आणि आजूबाजूला चारपाच बायका. वही उघडली की त्यांची करमणूक सुरू होई.

"म्हण मावशी, म्हातारीने म्हशीला पाहिले."

ती म्हणे.

"आता म्हण, म्हशीने म्हातारीला पाहिले."

"झाली की दोघींची ओळख! आता पुढं सरक, बाबू."

बायका लोटपोट हसत. त्या हसण्याने माझी आवाज मोजणारी सुई थरथरून जाई. ते माझ्या आयुष्यातले खरे सुखाचे दिवस होते.

मग चारशे बारावे वाक्य आले. "म्हण, माझा मुलगा मेला."

हसणे जागच्या जागी थांबले. मावशीचा एकुलता एक मुलगा दोन वर्षांपूर्वी आसामच्या चहामळ्यात गेला होता. तेव्हापासून त्याचा काही निरोप नव्हता. जिवंत माणसाचे मरण तोंडाने बोलायचे नाही, बोललेले त्याला जाऊन लागते, अशी त्या गावाची रीत. मावशीने पेजेचा भोपळा खाली ठेवला.

"हे नाही म्हणायची."

"अगं, नुसतं वाक्य आहे ते. खरं थोडंच आहे?"

"खरं नाही ना? मग म्हणू कशाला? दुसरं विचार."

रथबाबूंनी चार दिवस तिची पाठ सोडली नाही. एवढे एक वाक्य राहिले, तर त्यांचा आठशे वाक्यांचा तक्ता अपुरा राहणार होता. मावशी ढिम्म हलली नाही.

आता सांगतो ते सांगताना मला शिसारी येते. एका दुपारी सगळ्या बायका खुरपणीला गेल्या होत्या. रथबाबूंनी शाळेच्या ओसरीत जुन्या फिती काढल्या. एका फितीवर मावशी म्हणाली होती, "माझा मुलगा आसामात आहे." दुसरीवर तिने सांगितले होते, "आमचा बैल परवा मेला." त्यांनी दाढीच्या पात्याने दोन तुकडे कापले, चिकटपट्टीने जोडले आणि माझ्यावर चढवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर येऊन त्यांनी हसत बटण दाबले.

"एवढंच सांग मावशी, हे बरोबर आहे का?"

आणि मी बोललो. मावशीच्याच आवाजात, मावशीच्या तोंडावर मी बोललो, "माझा मुलगा मेला."

एक बाई किंचाळून उठली. मावशीने कानांवर हात ठेवले, पण तोवर शब्द कानात गेले होते. तिचा चेहरा राखेसारखा झाला. माझ्यात आग लागावी असे मला वाटले. यंत्राला ओकता येत नाही, हेच माझे दुर्दैव.

मग तिने कानांवरचे हात खाली घेतले. "नवी फीत लाव."

रथबाबूंना वाटले, हिचा राग निवळला. त्यांनी लगबगीने नवी फीत लावली.

"तुला लेकरू आहे?"

"एक मुलगी आहे."

"नाव काय?"

"मिनती."

"आता म्हण, मिनती मेली. तुझ्या भाषेत म्हण. नुसतं वाक्य आहे."

रथबाबूंनी तोंड उघडले. पानाचा लाल ओघळ हनुवटीवर आला. त्यांनी तोंड मिटले.

"म्हण ना, बाबू. खरं थोडंच आहे?"

माझी चाके फिरत राहिली. फीत संपून तिचे टोक फटफटू लागले, तेव्हा मावशीने भोपळा उचलला आणि ती शेताकडे चालू लागली. आम्ही त्या गावी पुन्हा गेलो नाही. तिचा मुलगा परतला की नाही, मला माहीत नाही.

रथबाबूंचा ग्रंथ मात्र छापून आला. त्यात चारशे बारावे वाक्य आहे आणि खाली लिहिले आहे, 'सांगणारी: राइला'. लोकांनी त्यांना शाल पांघरली.

मित्रांनो, दुसऱ्याच्या तोंडात घालायचे वाक्य आधी आपल्या तोंडात घालून पाहा. आणि माझे एक काम करा. पुढच्या आठवड्यात इथल्या फितींची छाननी आहे. शेवटच्या फितीवर रथबाबूंच्या अक्षरात चिठ्ठी आहे, 'काही नाही. पुन्हा वापरावी.' ती फीत पुसू देऊ नका. तिच्यावर एक बाप दात आवळून गप्प बसला आहे, सबंध वीस मिनिटे.