तिसरं नाव

"तिसरं नाव आणा, तेही शुक्रवारच्या आत. नाहीतर शनिवारपासून पोरीला आणू नका," पाळणाघराच्या मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी अर्ज टेबलावरून तिच्यापुढे सरकवला.

अर्जावर दोनच नावे होती, एक तिचे आणि एक नवऱ्याचे. तिसरी ओळ तीन वर्षे कोरी होती. नियम जुनाच होता, पण बाईंनी आजवर त्याकडे कानाडोळा केला होता.

"बाई, आम्ही दोघंच आहोत इथे. आमचं दुसरं कोणी नाही."

"मागच्या मंगळवारी तेच तर कळलं मला."

मंगळवारचा विषय निघाला की तिची मान खाली जाई. मंगळवारी दुपारी भिंगरीला ताप चढला आणि बाई दोन तास फोन लावत बसल्या. ती बस चालवायची, आणि गाडीवर चढताना ड्रायव्हरने फोन डेपोच्या कपाटात ठेवायचा, असा नियम. त्यामुळे तिचा फोन कपाटात बोंबलत राहिला. नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपांवर, जमिनीखाली दोन मजले. तिथे शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, तर फोन कुठला ऐकू येणार! साडेपाचला तो नेहमीसारखा पोरीला न्यायला आला तेव्हा ती कोपऱ्यातल्या गादीवर तापाने लालबुंद होऊन पडली होती.

"आणि नाव नुसतं लिहून भागणार नाही," बाई म्हणाल्या. "तो माणूस इथे येणार. तुम्ही दोघं हजर नसताना पोरगी आपल्या पायांनी त्याच्याबरोबर दाराबाहेर पडली पाहिजे. रडवून, ओढून नेलेलं मी चालवून घेणार नाही."

इथेच तर घोडे पेंड खात होते. चार वर्षांची ही कार्टी घरात भिंगरी आणि परक्या माणसापुढे घोरपड. आईच्या मांडीला अशी चिकटायची की सोडवायला दोघे लागत. पाळणाघरात रुळायलाच तिने चार महिने घेतले होते.

पाळणाघर गेले की तिची गाडी गेली, हे सांगायला कोणी नको होते. भिंगरी दहा महिन्यांची असताना तिने बस चालवायची परीक्षा दिली होती. दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा तिने ती बारा मीटरची गाडी दोन खांबांमधून उलटी काढून दाखवली, तेव्हा परीक्षकाने चष्मा काढून पुसला होता. डेपोत दोन बायका ड्रायव्हर आणि त्यांतली एक ती. ते सुकाणू आता सोडायचे, आणि तेही एका कोऱ्या ओळीपायी? तिच्या अगदी जिवावर आले होते.

रात्रीचे जेवण होण्याआधीच दोन्हीकडच्या नातेवाइकांना बातमी कळली. ते सगळे दोन दिवसांच्या प्रवासावर. तिची सासू फोनवर म्हणाली, "तरी मी सांगत होते, एवढ्या लांब जाऊ नका." उंटावरून शेळ्या हाकण्यात सासूबाईंचा हात कोणी धरला नसता. आई म्हणाली, "अगं, मामाचं नाव लिहून टाक ना. सख्खा मामा आहे."

"आई, मामा दोन दिवसांनी पोचणार. तोवर पोरीचा ताप उतरून ती मैदानात खेळत असेल."

बुधवारी नवऱ्याने पंपावरच्या फिटरला घरी आणले. माणूस देवासारखा, पण देह दाराएवढा आणि मिशा त्याहून रुंद. त्याने बाहुली आणली होती. ती पुढे करत तो गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "काय गं सोनुली, नाव काय तुझं?" भिंगरीने टेबलाचा पाय धरून असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरचे खाली आले. फिटर बाहुली काखेत मारून जिना उतरला. समोरच्या दारातल्या शिक्षिकेला विचारले, तर त्या म्हणाल्या, "दिवसभर चाळीस पोरं बघते हो. एकेचाळिसावं नको."

त्या संध्याकाळी तिला पहिल्यांदा या गावाचा राग आला. तीन वर्षांत तिने निम्मे गाव इकडून तिकडे नेऊन सोडले होते. छत्रीवाले आजोबा, फायली घेऊन चढणाऱ्या बाई, रोज धावतच येणारा कारकून, सगळे तिला चेहऱ्याने पाठ. पण लिहायला म्हणून एकाचे नाव ठाऊक नव्हते. कोणापुढे तोंड वेंगाडायचे नाही, हे तिने इथे आल्या दिवसापासून पाळले होते. आता त्याचेच फळ पदरात पडले होते.

गुरुवारी दोन वाजून दहा मिनिटांनी ती नेहमीच्या चौकात उभी राहिली. सकाळपाळीचा ड्रायव्हर गाडी घेऊन तिथे यायचा आणि तिच्या ताब्यात द्यायचा. डेपोत त्याला मागून सगळे घुम्या म्हणत, कारण चहाच्या टपरीवरही तो हातातल्या कपाशीच काय ते बोलत असे. तिच्याशी तो तीन वर्षांत जे बोलला ते सगळे गाडीबद्दल.

"मागचं दार उशिरा मिटतंय," तो उतरता उतरता म्हणाला. "शाळेपुढच्या वळणावर खड्डा पडलाय. ब्रेक ठीक."

ती चढून सीटवर बसली आणि तिचे पाय थेट पेडलवर टेकले. रोजच टेकत. पण आज डोके तापलेले होते म्हणून की काय, तिला ते जाणवले. हा माणूस ताडमाड, ती त्याच्या खांद्याला जेमतेम लागणारी. मग सीट तिच्या मापाची कशी? म्हणजे उतरण्यापूर्वी तो ती रोज पुढे ओढून ठेवत होता. आरसेही तिच्या नजरेला लावून ठेवत होता. तीन वर्षे, आणि त्याने एकदाही बोलून दाखवले नव्हते.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती गाडीवर असते तेव्हा जगात एकच माणूस नक्की मोकळा असतो, तो हा! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरे काय!

"दादा!" ती खिडकीतून ओरडली. तो चार पावले गेला होता, परत आला. "उद्या दुपारी काय करणार तुम्ही?"

"झोपणार."

तिने एका दमात सगळे सांगून टाकले: ताप, अर्ज, शुक्रवार, फिटरच्या मिशा. गाडीतले सगळे ऐकत होते, त्याचीही तिने पर्वा केली नाही. मागून उतारू कुरकुरू लागले. तो खाली मान घालून ऐकत होता.

"मुलीला काय आवडतं ते सांगू नका," तो शेवटी म्हणाला. "काय आवडत नाही, ते सांगा."

"उचललेलं आवडत नाही. गालाला हात लावलेला आवडत नाही. नाव विचारलेलं आवडत नाही. आणि घाई केलेली तर मुळीच नाही."

"म्हणजे माझ्यासारखीच आहे," तो म्हणाला आणि निघून गेला.

नवरा रात्री म्हणाला, "अगं, त्याचं घर तरी माहीत आहे का तुला?"

"नाही. पण तीन वर्षांत गाडीचा एकही दोष त्याने माझ्यापासून लपवला नाही. तुझ्या पंपावरच्या कोणाबद्दल सांगू शकशील असं?"

तरी बाप तो बाप. डेपोतून पत्ता काढून शुक्रवारी सकाळी कामावर जाण्याआधी त्याने घुम्याची खोली गाठलीच. घुम्या पहाटेच गाडीवर गेला होता, पण घरमालकीण भेटली. या खोलीत बारा वर्षे एकटाच राहतो, तिने सांगितले. तिचा नवरा वर्षभर अंथरुणाला खिळला होता, तेव्हा रोज संध्याकाळी त्याला उचलून खुर्चीत बसवायला हाच येत असे. भिंगरीच्या बापाने बायकोला फोनवर हे सगळे सांगितले आणि वर म्हणाला, "लिही नाव."

शुक्रवारी दुपारी गाडी ताब्यात देताना तो एवढेच म्हणाला, "सगळं ठीक. मी तिकडे जातो."

त्यानंतरचे अडीच तास तिने कसे काढले ते तिचे तिलाच माहीत. तिचा मार्ग पाळणाघराच्या गल्लीवरून जात होता. पाच वाजेपर्यंत तिथून तीन फेऱ्या व्हायच्या आणि बाईंनी दिलेली मुदतही तेवढीच होती. पहिल्या फेरीला गल्लीच्या तोंडाशी एक कुत्रे झोपले होते, बाकी कोणी नव्हते. दुसऱ्या फेरीला कुत्रेही नव्हते. तिला डोळ्यांपुढे टेबलाचा पाय दिसू लागला आणि त्याला धरून रडणारी भिंगरी. शेवटच्या थांब्यावर एका म्हातारीने विचारले, "काय गं, बरं नाही का?" ती म्हणाली, "बरी आहे हो," आणि गाडी वळवली.

तिसऱ्या फेरीला पावणेपाच होत आले होते. वळण घेतले आणि तिला थांब्यावर तिघे दिसले. एका बाजूला काखेत रजिस्टर धरलेल्या मोठ्या बाई. दुसऱ्या बाजूला घुम्या, हात पाठीमागे बांधून. आणि त्याच्या पुढे, पदपथाच्या अगदी कडेपासून मोजून दोन पावले मागे, भिंगरी. कोणी तिला धरले नव्हते. तिने उजवा हात सरळ पुढे केला होता आणि ती बस थांबवत होती.

बस थांबली. न थांबून सांगते कोणाला!

"आई, मी थांबवली!" भिंगरी ओरडली. "मी हात केला आणि तू थांबलीस!"

मोठ्या बाई खिडकीशी आल्या. रोज करारी दिसणाऱ्या बाईंना आज हसू आवरत नव्हते. "अहो, दोन तास त्या माणसाने तोंड उघडलं नाही. छोट्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिला. मीच कंटाळून त्याला घरी पाठवणार होते. तर तुमची लेक आपणहून गेली त्याच्यापुढे. 'तू कोणाचा बाबा?' 'कोणाचा नाही.' 'मग कशाला आलास?' तर म्हणतो, 'तुझी आई बस चालवते, ती बघायला. यायचं तर ये, नाहीतर मी जातो एकटा.' आणि उठून चालायला लागला की! मागे वळून बघितलंसुद्धा नाही."

"मग?"

"मग काय, ही एका पायात बूट घालून त्याच्यामागे. 'थांब, थांब, मला यायचंय!' म्हणत. दारातून आपल्या पायांनी बाहेर पडली, मी साक्षीला आहे." त्यांनी रजिस्टर उघडून त्यातला अर्ज खिडकीसमोर धरला. तिसरी ओळ भरलेली होती आणि त्यापुढे बाईंची सही होती.

"अहो, निघायचं का?" मागून कोणीतरी म्हणाले.

"एक मिनिट थांबा हो," ती मागे वळून म्हणाली. "तीन वर्षांत पहिल्यांदा उशीर करतेय. माझी मुलगी आहे ती." आणि ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, तेही तिने कोणापासून लपवले नाही. गाडीत जरा खसखस पिकली. फायलीवाल्या बाईंनी तर खिडकीतून भिंगरीला हात हलवून दाखवला. भिंगरीने अर्थातच त्यांच्याकडे पाहिले नाही.

गाडी हलली. बाजूच्या आरशात ते तिघे गल्लीत परत चाललेले दिसले. भिंगरी पुढे होती, वाट जणू तिलाच ठाऊक असल्यासारखी. पुढच्या चौकात रस्ता रिकामा असताना तिने एकदा चांगला दणदणीत हॉर्न वाजवला. ते नियमात बसत नव्हते.

शनिवारी दोन वाजून दहा मिनिटांनी गाडी चौकात आली. "टायर बदललेत पुढचे. जरा जड लागेल," तो म्हणाला. ती चढली, बसली. पण तो गेला नाही. खिडकीखाली तसाच उभा राहिला आणि मग खिशातून घडी केलेला एक कागद काढला.

डेपोचा माहितीचा कागद होता. दरवर्षी प्रत्येकाला नवा भरून द्यावा लागे. त्याच्या कागदावर सगळे रकाने नीट अक्षरात भरलेले होते. फक्त एकात काही नव्हते. 'अपघात झाल्यास कोणाला कळवावे.'

"दरवर्षी तिथे आडवी रेघ मारतो मी," तो म्हणाला. त्याची नजर समोरच्या टायरवर होती. "एकोणीस वर्षं झाली. यंदा तुमचं नाव लिहिलं तर चालेल का?"

तिने तो रकाना पुन्हा एकदा वाचला.

"त्रास नाही व्हायचा," तो घाईने म्हणाला. त्याला घाई करताना ती पहिल्यांदाच पाहत होती. "मी गाडीवर असतो तेव्हा सकाळ असते. तुम्ही घरीच असता. फोन हाताशी असतो. म्हणून म्हटलं."

"द्या इकडे," ती म्हणाली.

तिने कागद सुकाणूवर ठेवला, तळहाताने सपाट केला आणि त्याच्याकडून पेन घेतले. आपले पूर्ण नाव लिहिले. खाली नवऱ्याचे लिहिले. नात्याच्या जागी क्षणभर थांबली आणि मग ठळक अक्षरांत 'बहीण' असे लिहिले.

"बाई, निघणार ना आज?" मागून कोणीतरी ओरडले.

"निघते हो," ती म्हणाली, आणि आपला फोन नंबर दोनदा तपासून पाहिल्यावरच तिने कागद त्याच्या हातात दिला.