लाल म्हणजे उडी

"लाल दाबा, वहिनी!"

व्हिडिओ गेमच्या कॅबिनेटच्या पोटातून आवाज आला. तिने लाल बटण दाबलं. पडद्यावर बटणांचे चौकोन मांडलेले होते, त्यातला उडीचा चौकोन लगेच उजळला.

"उजळला का?"

"उजळला."

"कुठला?"

"उडीचाच."

"मग एवढ्या पडेल आवाजात काय सांगताय? बरोबर आहे की!"

बरोबर होतं, म्हणूनच तर तिचा आवाज पडला होता. सकाळपासून ती मनात एकच घोकत होती, एक तरी चुकू दे. लाल दाबावं आणि ठोशाचा चौकोन उजळावा. मग वायर बदलता आली असती, बोर्ड बदलता आला असता. यंत्राचं काय, ते दुरुस्त होतं.

"वायरींची अदलाबदल झालीय," मागच्या खुर्चीतून तिचा नवरा म्हणाला. "मी सांगतोय ना. लाल म्हणजे उडी. आता लाल दाबलं की मारतंय."

"तपासतोय, वस्ताद."

"तू काय तपासणार! तुझ्या हातचं काम म्हणजे दोनदा करायचं."

कॅबिनेटचं मागचं दार उघडून कमरेपर्यंत आत शिरलेल्या माणसाला सगळे स्क्रू म्हणत. हे नाव तिच्या नवऱ्यानेच ठेवलेलं. कुठलंही मशीन उघडून बंद केलं की ह्याच्या खिशात एक स्क्रू उरायचाच. त्या दोघा मित्रांचं तरुणपण एकाच गेम पार्लरमध्ये गेलं होतं. नवऱ्याला तर गल्लीत कुणी नावाने ओळखतच नसे. तो मेकॅनिक आणि ती मेकॅनिकीण. पार्लरमध्ये एकदम वीस मशीनं कोकलत असायची, पण काउंटरवर डबा खाता खाता मेकॅनिक मान वर करून म्हणायचा, "कोपऱ्यातल्याचं ठोशाचं बटण बिघडत चाललंय." अन् तेच निघायचं. डबा द्यायला गेलेली ती दारातच उभी राहून ऐकायची. तिला तो नुसता कल्ला वाटे.

पार्लर बंद झालं तेव्हा सगळी मशीनं भंगारात गेली. हे एक कॅबिनेट त्याने घरी आणलं, आतलं सगळं उपसून काढलं आणि एक छोटा कॉम्प्युटर बसवला. बटणं आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये एक हिरवा बोर्ड. "त्या कॉम्प्युटरला वाटतं समोर कीबोर्ड आहे," तो तिला हसून सांगायचा. "ह्या प्रत्येक बटणाआड एक अक्षर लपलंय. कुठलं अक्षर म्हणजे उडी आणि कुठलं म्हणजे ठोसा, ते आपण ठरवायचं. फसवायचं त्याला."

घरात नाणी कोण टाकणार? म्हणून डाव्या कोपऱ्यात त्याने एक बारकं पांढरं बटण बसवलं. ते दाबलं की मशीनला वाटे, नाणं पडलं. ते दाबल्याशिवाय खेळ हाती येत नसे. मशीन आपलं आपणच खेळत बसे, पार्लरमध्ये गिऱ्हाईक ओढायला खेळायचं तसं. पाहुणा आला की हा पांढऱ्या बटणाकडे बोट दाखवायचा. "आधी नाणं! सोयरे असाल तर घरी."

"वहिनी, पिवळं."

पिवळं. निळं. जॉयस्टिकची काठी वर, काठी खाली. सगळं जिथल्या तिथे. स्क्रू बाहेर आला, केसांतली जळमटं झटकली.

"वस्ताद, या जरा. उडी मारून दाखवा."

मेकॅनिक उठला. शर्ट खाली ओढला, पॅनेलपुढे उभा राहिला आणि पिवळ्या बटणावर ठाम बोट ठेवलं. "हे बघ, लाल. उडतंय का?"

स्क्रूने तिच्याकडे पाहिलं. तिने फडक्याने पॅनेलवरची नसलेली धूळ पुसली.

"बरं, तसं तर तसं," स्क्रू म्हणाला. सेटिंगमध्ये जाऊन त्याने उडी पिवळ्यावर नेली. गेल्या खेपेलाही असंच केलं होतं, नवऱ्याचं बोट जाईल तिथे उडी नेऊन ठेवली होती. दोन दिवस घर शांत होतं. मग पुन्हा तेच. "कुणी हात लावला? मी एवढं जुळवून ठेवलेलं!"

"आता मारा."

बोट निळ्यावर गेलं. स्क्रूने उडी निळ्यावर नेली.

"आता?"

ह्या खेपेला बोट बटणांच्या रांगेपलीकडे, नुसत्या लाकडावर टेकलं. तिथे काहीच नव्हतं. मेकॅनिकने जोर लावला. नख पांढरं पडलं.

"बघ. हे तर दाबलंच जात नाही," तो म्हणाला. "अडकलंय. स्प्रिंग गेली असेल."

स्क्रूने सेटिंग मिटवली.

ती चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेली. स्क्रू मागोमाग आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"पॅनेलमध्ये काही नाही, वहिनी."

"बोर्ड बदलून बघू या?"

"बोर्ड चांगला आहे."

"असू दे चांगला. नवा घालून बघू."

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "हात ठरत असता तर कुठेही जुळवलं असतं हो. भिंतीवर बटण बसवून दिलं असतं. पण हातच ठरत नाही."

चहा उतू गेला. गॅस बंद करायचं त्यालाच सुचलं.

"आंघोळीच्या नळालाही म्हणतात, उलटा बसवलाय," ती म्हणाली. "परवा म्हणाले, घराचं दार कुणी हलवलं? मी म्हटलं, नळाचं काय, दाराचं काय, मला कळत नाही. पण मशीन तर त्यांचंच आहे. तिथे तरी त्यांचं खरं निघेल."

स्क्रूने उरलेला चहा कपांत ओतला.

"एक करा, भावजी. खोटं का होईना, उघडा आणि बंद करा. दोष मशीनचा होता, एवढं सांगा. तुमचं ऐकतील."

"माझं? माझं त्यांनी जन्मात कधी ऐकलं नाही."

पण तो गेला. चांगला, चालू बोर्ड त्याने काढला, फुंकर मारली आणि पुन्हा होता तिथेच बसवला. उडी परत लालवर आणली. मग बाहेर येऊन मान खाली घालून म्हणाला, "तुमचंच खरं, वस्ताद. जोड सैल होता. माझ्याच हातचा."

"मी काय सांगत होतो!" मेकॅनिकचा चेहरा उजळला. तो तिच्याकडे वळला. "सांगत होतो की नाही? तुला वाटलं, मलाच काहीतरी झालंय."

"मी कुठे म्हणाले तसं?"

"तोंडावर दिसतं गं. आणि काय रे, खिसा दाखव."

स्क्रूने खिशात हात घातला आणि एक स्क्रू काढून त्याच्या तळहातावर ठेवला. मेकॅनिक इतका हसला की त्याला ठसका लागला. स्क्रू मात्र चपला घालून भराभर जिना उतरून गेला. दारापर्यंत पोचवायला गेलेल्या तिच्याकडे त्याने वर पाहिलंही नाही.

ती परत आली तेव्हा नवरा मशीनपुढच्या उंच स्टुलावर बसला होता. डावा हात काठीवर, उजवा बटणांवर. पडद्यावरचा इवलासा माणूस धावत होता, खड्डे ओलांडत होता.

"ऐकतोय आता," तो म्हणाला. "बघ. लाल म्हणजे उडी."

त्याचं बोट लाकडावर पडत होतं. माणूस आपोआप उडी मारत होता. पांढरं बटण कुणी दाबलंच नव्हतं. पडद्याच्या तळाशी नाणं टाका, नाणं टाका अशी अक्षरं उघडझाप करत होती.

तिचं बोट पांढऱ्या बटणापर्यंत गेलं. ते दाबलं असतं तर खेळ त्याच्या हाती आला असता आणि तो माणूस पहिल्याच खड्ड्यात पडला असता.

तिने बोट मागे घेतलं.

ठरलेल्या शिडीपाशी येऊन माणूस कोसळला, आणि मशीनने तोच खेळ पुन्हा पहिल्यापासून मांडला.

"थोडक्यात गेला," नवरा म्हणाला. त्याने मनगटं झटकली, काठी नीट धरली. "आता बघ."

तिने हातातलं फडकं झटकलं, घडी केली आणि पडद्याच्या खालच्या काठावर वाळत घालावं तसं पसरलं. उघडझाप करणारी अक्षरं त्याखाली गेली. मग खुर्ची ओढून ती त्याच्या शेजारी बसली, बघायला.