सुंदराबाईंची पट्टी

कुंडलिकराव इंगळे यांचा कान तयार आहे, हे नाहूरमध्ये त्यांच्या ओळखीच्या प्रत्येक माणसाला माहीत होतं, कारण ते स्वतः कुंडलिकरावांनीच प्रत्येकाला सांगितलं होतं. शेजाऱ्यांची नवी डोअरबेल वाजली की हे घरातून पेटीची पट्टी सांगत ओरडणार, "काळी दोन!" लग्नाचा बँड खिडकीखालून गेला की क्लॅरिनेटवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. जन्मभर फिटरची नोकरी केली, तिथूनच निवृत्त झाले. पण तरुणपणी भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवली होती आणि ओळख सांगताना ते पेटीवाले म्हणूनच सांगत. विहारात कार्यक्रम असला की पेटीवर तेच. गाणारा जरा इकडेतिकडे झाला की तिथल्या तिथे दुरुस्त करत. दुसऱ्याचं काही दुरुस्त करण्याआधी त्याला विचारायचं असतं, एवढी एक गोष्ट मात्र त्या तयार कानावर कधी पडली नव्हती.

मुलगी संघमित्रा. घरात मित्रा. रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये नोकरीला लागली आणि पहिल्या पगारात गिटार घेऊन आली. गिटार ती फोनवर बघून शिकली, पण तारा लावायला फोन घ्यायची नाही, कानाने लावायची. याचा कुंडलिकरावांना कोण अभिमान! पेटीवर एकेक सूर धरून त्यांनीच तिला ते शिकवलं होतं. जाड तार पांढरी तीनला, मग सहा, दोन, पाच, सात आणि शेवटची बारीक तार पुन्हा पांढरी तीनला. हा क्रम त्यांना पाढ्यासारखा पाठ होता.

पावसाळ्यात कधीतरी त्यांच्या लक्षात आलं, की पोरगी तारा सैल ठेवते.

"मित्रा, उतरल्यात गं तारा तुझ्या."

"उतरल्या नाहीत पप्पा, उतरवल्यात. असं पण लावतात. गाणं असेल तशी गिटार लावायची."

"म्हणजे मुद्दाम बेसूर?"

"बेसूर नाही ओ, वेगळी लावलीय. ऐकून तरी बघा ना."

कुंडलिकरावांनी बातम्यांचा आवाज वाढवला. ज्याला सगळं ऐकू येतं त्याला नव्याने काय ऐकायचं असतं?

आश्विनात वर्षावासाचा समारोप आला. रविवारी सकाळी विहार पांढऱ्या साड्यांनी आणि पांढऱ्या शर्टांनी भरून गेला. वंदना झाली, प्रवचन झालं, मग गाण्यांचा कार्यक्रम आणि त्यानंतर मांडवात जेवण. कार्यक्रमपत्रिकेत मित्राचं नाव होतं. नुसतं "गिटार" एवढंच. जास्त विचारलं तर ती हसायची आणि तिची आई, सुंदराबाई, उठून आत जायची.

आपली दोन गाणी वाजवून झाल्यावर कुंडलिकराव पेटी ठेवायला बाजूच्या खोलीत गेले. सतरंज्यांच्या ढिगाला टेकून गिटार उभी होती. सवयीने त्यांनी तारांवरून अंगठा फिरवला. सगळ्या तारा खाली आलेल्या. एकही जागेवर नाही! बाहेर शंभरेक माणसं बसलेली, त्यातली निम्मी आपल्याला ओळखणारी, आणि पोरगी ही असली गिटार घेऊन जाणार. तिला शोधायला त्यांनी दारातून मान बाहेर काढली, पण ती दिसली नाही. मग पेटीचा भाता हलकेच ओढून ते कामाला लागले. पांढरी तीन. सहा. दोन. तारा एकेक करून वर चढल्या. शेवटची तार सुरात मिळाली तेव्हा त्यांना इतकं बरं वाटलं, की गिटारच्या पाठीवर त्यांनी शाबासकीची थापही मारली. पोरीला कार्यक्रम झाल्यावर सांगू, बापामुळे वाचलीस म्हणून, असं मनाशी ठरवून ते पहिल्या रांगेत जाऊन बसले.

शिवदास सूत्रसंचालन करत होता. पार्टीतला जुना ढोलकीवाला, कुंडलिकरावांचा दोस्त. त्याने माइक हातात घेतला.

"आता आपली संघमित्रा गिटार वाजवणार, आणि गाणार आहेत... जरा टाळ्या होऊन जाऊ द्या... आमच्या सुंदरावहिनी!"

कुंडलिकरावांनी वळून पाहिलं. महिलांच्या रांगेतून सुंदराबाई उठत होत्या, पदर खांद्यावर घट्ट ओढून. आता ही कशाला, हाच त्यांच्या मनात आलेला पहिला विचार. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, कांजूरमार्गच्या खोलीत पार्टीची तालीम चालू असताना ही मागून गुणगुणली होती. पेटी थांबवून ते म्हणाले होते, "सुंदरा, तू चहा ठेव. तुला सूर नाही." सगळे हसले होते. शिवदाससुद्धा. त्यानंतर ती घरात गाताना त्यांनी ऐकलेली नव्हती, आणि आपण ऐकलेली नाही हेही त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

मित्राने आईला माइकसमोर उभं केलं, कानात काहीतरी सांगितलं, खुर्चीवर बसली आणि तारांवरून हात फिरवला.

काचेची भांडी फुटल्यासारखा आवाज झाला. तारा सुरात होत्या, चोख सुरात, पण मित्राची बोटं तिने उतरवलेल्या तारांच्या हिशोबाने पडत होती. तिचा हात थबकला. तिने खुंट्यांकडे पाहिलं. पहिल्या रांगेत कुंडलिकरावांना आता आठवलं. तारा उतरल्या नाहीत, उतरवल्यात. पोरीने घरात धडधडीत सांगितलं होतं!

"एक मिनिट," मित्रा म्हणाली आणि घाईघाईने खुंट्या पिळू लागली. पण गिटार वाजली की सुरू करायचं, एवढंच सुंदराबाईंना ठाऊक होतं. त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. माहेरची ओवी होती, जात्यावरची. पहिला शब्द खाली, स्वच्छ लागला. तेवढ्यात मागे तार किणकिणली, त्या बिचकल्या आणि तिचा सूर धरायला वर गेल्या. तार सरकली तशा खाली आल्या, पुन्हा वर गेल्या, आणि आवाज चिरकला. मागच्या बाजूला कुणीतरी फिसकन हसलं. सुंदराबाई थांबल्या.

"माफ करा," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "मला सूर नाही. आमच्या यांनी आधीच सांगितलं होतं."

सगळा विहार हसला. वाईट कुणीच हसलं नाही, मायेनेच हसले सगळे, आणि हसताहसता कुंडलिकरावांकडे बघू लागले. मित्राही बघत होती. उठून दोन शब्द बोलायचे होते. गिटारला मी हात लावला, हिची काही चूक नाही, बस. माइक चार पावलांवर होता. पण पेटीवाल्या कुंडलिक इंगळेंनी, ज्यांचा कान साऱ्या नाहूरमध्ये तयार, भर विहारात असं कसं म्हणायचं? ते जागचे उठले नाहीत. त्याहून वाईट म्हणजे, सगळे हसत होते म्हणून तेही हसले.

सुंदराबाई खाली उतरल्या, चपला घालून सरळ घराकडे निघाल्या. शिवदासने पुढच्या गाण्याचं नाव पुकारलं. कुंडलिकराव बाजूच्या खोलीत जाऊन उगाच पेटीचं कापड नीट करत राहिले. मागोमाग मित्रा आली.

"तुम्ही लावलीत ना?"

"तुला कसं..."

"इतकी बरोबर दुसरं कोण लावणार?"

ती सतरंजीवर बसली. गिटार मांडीवर घेतली आणि एकेक तार सोडत खाली आणू लागली. कुठूनही सूर घेत नव्हती, पेटीकडे बघतही नव्हती.

"आईचा आवाज पेटीवर बसतच नाही, पप्पा. तिचा सा दोन पट्ट्यांच्या मधे आहे. पण रोज तिथूनच उचलते, केसभर इकडेतिकडे नाही. बेसूर माणसाला जमतं का ते? ती भाजी निवडताना गायची, मी तार सोडत जायची, तिच्या आवाजाला मिळेपर्यंत. चार महिने मागे लागले होते तिच्या. नको म्हणायची, तुझे पप्पा येतील म्हणायची."

तिने मोकळ्या तारांवर हात फिरवला. खोल, भरलेला आवाज खोलीभर झाला. त्यात एकही तार चुकलेली नव्हती. कुंडलिकरावांचा कान खरोखरच तयार होता, त्यांना ते लगेच कळलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तार फिरवलीत, ठीक आहे, तुम्हाला माहीत नव्हतं," मित्रा म्हणाली. "पण तुम्ही हसलात." मग गिटार खाली ठेवत म्हणाली, "आईला तुम्ही सांगताय की मी सांगू?"

मांडवात ताटं मांडली जात होती. जेवायला बसवायला दोघातिघांनी हाताला धरून ओढलं. एकजण म्हणाला, "काही म्हणा इंगळेसाहेब, तुमच्या कानाला मानलं." कुंडलिकराव त्याचा हात सोडवून खाली मान घालून घरी आले.

सुंदराबाई पांढरी साडी न बदलताच ओट्याशी उभ्या होत्या. डाळ उकळत होती.

"जेवून नाही आलात? तिकडं तर खीर होती," त्या म्हणाल्या. मग स्वतःच हसल्या. "तुम्ही म्हणायचात ते खरंच हो. पोरीच्या नादी लागले नि चारचौघांत शोभा करून घेतली."

कुंडलिकराव स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसले. रागावली असती तर सोपं होतं.

"सुंदरा, तुझं नाही चुकलं. गिटारच्या तारा मी फिरवल्या होत्या. मला वाटलं, उतरल्यात. तू जिथं लागलीस तेच बरोबर होतं."

सुंदराबाईंनी गॅस बंद केला.

"मी गात असताना माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"मी माफी मागितली तेव्हा?"

"हो."

"मी माइकवर बोलले, सगळ्या समाजासमोर," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "आणि तुम्ही मला स्वयंपाकघरात सांगताय?"

सुंदराबाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"पंगती चालल्या असतील अजून. शिवदासभाऊजींनी माइक काढला नसेल." सुंदराबाईंनी हात पुसले, पदर सारखा केला. "चला."

"अगं, आता लोक जेवतायत. पुढच्या रविवारी मीटिंग आहे ना, तेव्हा मी व्यवस्थित..."

त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत सुंदराबाई बाहेर गेल्या होत्या. दार उघडल्याचा आवाज आला, मग चपलांचा. कुंडलिकरावांनी मान वळवून पाहिलं. दार धरून त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या, वाट बघत, आणि कुंडलिकरावांना उठवेना.