अकरा नंबरची जागा

टायडल रिव्हरच्या सहलीच्या तळावर कुणी मोटारीमागचं फिरतं घर, म्हणजे कॅरव्हॅन, मागे घ्यायला लागलं, की सगळ्या घडीच्या खुर्च्या त्या बाजूला वळतात. तिकीट नाही, काही नाही. हातात गार बिअर आणि समोर नवरा-बायकोचं जाहीर भांडण. एकतीस वर्षं डेस पास्को या खेळाचा पहिल्या रांगेतला प्रेक्षक होता. स्वतःची गाडी एका दमात लावायची आणि मग इतरांना नावं ठेवत बसायचं, यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

आज मात्र स्टिअरिंगवर त्याची बायको ग्लेनिस होती.

मार्चमध्ये डेसला पक्षाघाताचा बारीकसा झटका येऊन गेला. हातपाय शाबूत राहिले, डाव्या बाजूची नजर जरा अधू झाली. ‘जरा’ हा शब्द डेसचा. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली, आणि मुलगी ट्रूडी कॅरव्हॅनला गिऱ्हाईक शोधायला लागली. “पार उत्तरेच्या काकाडूच्या मगरी बघितल्याशिवाय गाडी विकायची नाही. मी चालवीन,” ग्लेनिस हटून बसली. शेवटी मायलेकींचा तह झाला: पहिल्या मुक्कामाला गाडीला एक जरी ओरखडा आला, तर मुकाट्यानं घरी परतायचं. सहा वाजता ट्रूडीचा फोन येणार होता.

“वहिनी, सावकाश!” शेजारच्या दहा नंबरच्या जागेतला बर्नी खुर्ची सरकवत ओरडला. “आमच्याकडे बिअर भरपूर आहे!”

डेस अकरा नंबरच्या जागेत मागे जाऊन उभा राहिला आणि हात हलवायला लागला. इतकी वर्षं तिथं ग्लेनिस उभी राहायची आणि डेस तिच्या हातांकडे ढुंकूनही बघायचा नाही. आपण तसं करायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. तो सांगेल तसंच करायचं.

“ये, ये, ये. बिनधास्त ये गं, सगळं मोकळं आहे!”

तिनं सवयीनं डाव्या आरशात बघितलं. चाकाच्या अगदी वाटेत अस्वलाच्या पिल्लाएवढा एक जाडजूड वॉम्बॅट निवांत गवत चरत होता. डेसपासून चार पावलांवर. सगळ्या खुर्च्यांना तो दिसत होता. बर्नीचा आ वासलेला होता. आणि डेस हसतमुखानं हात हलवत होता, “ये, ये!”

ग्लेनिसनं करकचून ब्रेक दाबला. सकाळी यानं डावीकडचा दुधाचा जग पाडला, तेव्हा ती त्याला किती बोलली होती!

ती खाली उतरली.

“बघितलंत?” डेस खुर्च्यांकडे वळून म्हणाला. “एवढं मैदान मोकळं, आणि बाईसाहेबांचा धीर सुटला!”

कुणीच हसलं नाही. ग्लेनिसनं त्याची हनुवटी धरून हळूच चेहरा डावीकडे वळवला.

“हा कधी आला?” डेसनं विचारलं.

“आपल्याआधीच.”

तो त्या जनावराकडे बघत राहिला. “त्या बाजूचं काहीच दिसत नाही गं,” तो पुटपुटला. “सांगितलं असतं तर तू निघालीच नसतीस.”

बर्नीला अचानक आपल्या चपलेत फार रस वाटायला लागला. ग्लेनिसला डेसचा राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. दोन्ही तिनं गिळलं.

“मग उजवी बाजू तुझी, डावी माझी,” ती म्हणाली. “आणि मी थांब म्हटलं की थांबायचं.”

“ऐकतोय ना.”

“एकतीस वर्षांत पहिल्यांदा!”

आता मात्र खुर्च्या खदखदून हसल्या. वॉम्बॅटला कुणी हात लावायचा नसतो, त्यामुळे त्याचं जेवण उरकेपर्यंत सगळा तळ थांबला. बर्नीनं दोघांना बिअर दिली. मग ग्लेनिसनं गाडी मागे घेतली; तीनदा पुढे, चारदा मागे, पण लागली.

बरोबर सहाला फोन वाजला. डेसनं तो तिच्या हातातून घेतला.

“ओरखडा नाही, ट्रूडी. पण मला डावीकडचं काही दिसत नाही. काहीच नाही. तुम्हाला सांगितलं नव्हतं.”

“बाबा, मग परत या ना घरी. डावीकडून काही आलं तर?”

डेसनं डावा हात लांबवून चाचपला. ग्लेनिसचा खांदा हाताला लागला.

“डावीकडे तुझी आई आहे,” तो म्हणाला. “आम्ही उद्या पुढे निघतोय.”