पोटात ठेवणारा फोन

मोबाईलवाल्याने काचेच्या काउंटरवर तीन फोन मांडले, पण दादाने त्यातला एकही उचलला नाही. उजवा हात खिशात ठेवून तो नुसता वाकून बघत राहिला.

"घ्या की हातात. बघायला पैसे पडत नाहीत."

"बघतोय ना. यातला गप्प बसणारा कुठला?"

मोबाईलवाल्याने मान वर केली. गिऱ्हाईक कॅमेरा विचारतं, बॅटरी विचारतं, हप्ते विचारतं. गप्प बसणारा फोन मागायला आजवर कुणी आलं नव्हतं.

"म्हणजे आवाज कमी असलेला?"

"आवाजाचं नाही रे. ज्याच्या पोटात काही राहील असा. आणि स्वस्तातला हवा."

दादाचं सलून रस्त्याच्या पलीकडे होतं. धाकट्या भावापासून शाळकरी पोरांपर्यंत सगळे त्याला दादाच म्हणत, त्यामुळे त्याचं खरं नाव वीजबिलावरच उरलं होतं. सलूनमध्ये दोन खुर्च्या. दाराजवळची पहिली दादाची, आतली धाकट्याची. दाढीची गिऱ्हाइकं आतली खुर्ची रिकामी असली तरी पेपर वाचत पहिलीसाठी थांबत. धाकट्याला हे लागायचं आणि दादाला सुखवायचं, आणि दोघंही त्याबद्दल कधी बोलत नसत.

मग उजवा हात थरथरू लागला. केस कापताना कळायचं नाही, कारण कात्री धरलेला हात तसाही सारखा हलताच असतो. वस्तरा गालाला टेकवला की मात्र कळायचं. एकदा दुपारी दुकानात कुणी नव्हतं, हाताला फेस लागलेला होता, म्हणून हात का थरथरतो हे दादाने फळीवरच्या फोनलाच मोठ्याने विचारून टाकलं. हा फोन दुकानाचा. दिवसभर त्यावर गाणी लागायची. फोनने बरंच काही सांगितलं आणि दादाला वाटलं, विषय संपला.

दुसऱ्या दिवसापासून दोन गाण्यांच्या मध्ये एक गोड गळ्याची बाई येऊन विचारू लागली, "हात थरथरतात? हातातून वस्तू निसटतात?" त्या वेळी दादाच्या हाताखाली कुणाचा तरी गळा असे.

"दादा, फोन आपल्याला आजोबा समजायला लागला," धाकटा म्हणाला होता. गिऱ्हाइकं हसली. दादाही हसला, जरा जास्तच मोठ्याने. मग त्याने गाणी बंद केली, तर लोक विचारू लागले की दुकानात कुणाचं काही बरंवाईट झालंय का. गाणी पुन्हा लावावी लागली. त्याच आठवड्यात एकाच्या कानाजवळ वस्तरा लागला. दादाने तुरटी फिरवली आणि तिथे चामखीळ होती असं सांगून मोकळा झाला. गिऱ्हाइकाने विश्वास ठेवला, याचंच त्याला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

यातलं काही त्याने मोबाईलवाल्याला सांगितलं नाही. "जाहिराती फार येतात," एवढंच म्हणाला.

"मग हा घेऊ नका," मोबाईलवाल्याने पहिला फोन बाजूला सारला. "हा सगळ्यात स्वस्त. पण कंपनी काय धर्मादाय देते का? उरलेले पैसे जाहिराती दाखवून वसूल करते. आत नको ती अ‍ॅपं भरलेली, काढू म्हटलं तरी निघत नाहीत. हा दुसरा दिसायला झकास, पण वर्षभरात कंपनी याच्याकडे ढुंकून बघणार नाही. अपडेट बंद झाले की कुलूप असून नसल्यासारखं."

"आणि तिसरा?"

"मागच्या वर्षीचा आहे. कॅमेरा बेताचा. पण आत फालतू भरताड नाही, आणि सुरक्षेचे अपडेट अजून बरीच वर्षं येतील. कमी पैशात हाच त्यातल्या त्यात सज्जन."

"पोटात राहील ना त्याच्या?"

"तुम्ही ठेवलं तर राहील. माइक कुणाला द्यायचा, लोकेशन कुणाला, हे आपण ठरवायचं, नाहीतर सगळे ऐकत बसतात. याला खातं नवीन काढू. गाणी जुन्यावर चालू देत, तुमचं खासगी यावर."

"खासगी कसलं आलंय या वयात," दादा म्हणाला.

"जुना द्या इकडे. त्याचीही जाहिरातींची खोड मोडतो."

दादाने डाव्या हाताने फोन पुढे केला. मोबाईलवाला सराईतपणे आत शिरत गेला, एक पान, दुसरं पान, आणि मग त्याचा अंगठा थांबला. दादाला पलीकडून अक्षरं उलटी दिसत होती. त्याला ती वाचायची गरज नव्हती. त्या दुपारी विचारलेलं सगळं तिथे त्याच्याच शब्दांत लिहिलेलं असणार, वस्तऱ्यासकट.

"हे मागचं पुसून टाकतो सगळं," मोबाईलवाला वर न बघता म्हणाला.

"पूस."

मग तो कव्हरबद्दल बोलू लागला. काळं घ्या, मळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गाणी वाजत होती आणि गोड गळ्याची बाई आली नाही. नवा फोन दादाच्या वरच्या खिशात गुपचूप बसला होता. आता बोभाटा व्हायचं कारण नव्हतं, तरी दादाचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. बाकावर बँकेतून निवृत्त झालेले काका पेपर उघडून दाढीसाठी थांबले होते. धाकटा आतल्या खुर्चीखालचे केस झाडत होता.

मोबाईलवाला आत आला, काकांना म्हणाला, "काका, दुकान उघडायचंय, आधी मी बसू?" आणि सरळ पहिल्या खुर्चीत बसला.

"केस आत्ताच तर कापलेत तुझे," दादा म्हणाला.

"दाढी करा."

हा माणूस घरी मशीनने दाढी करणारा. वस्तऱ्याची त्याला भीती वाटायची, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दादाने आरशात त्याच्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

दादाने त्याच्या अंगावर कापड टाकलं. फेस लावला, पुन्हा लावला. पातं बदललं. मोबाईलवाल्याने मान मागे टाकली आणि डोळे मिटून घेतले. दादाने वस्तरा उचलला तेव्हा त्याला कापडाखाली दोन उंचवटे दिसले. मुठी होत्या त्या, घट्ट आवळलेल्या.

म्हणजे याने वाचलं होतं. वाचून, घाबरून, तरी गळा पुढे करून बसला होता. दादाला गलबलून आलं. इतकी वर्षं माणसांनी त्याच्यापुढे मान टाकली होती, पण सगळं माहीत असून टाकणारा हा पहिलाच. मग त्याचं लक्ष आरशातल्या काकांकडे गेलं. काकांचा नंबर यानंतरचा होता. त्यांना काहीच माहीत नव्हतं, आणि ते निवांत पान उलटत होते.

दादाने वस्तरा मिटून आरशाखाली ठेवला.

"याची दाढी तू कर," तो धाकट्याला म्हणाला.

"का रे?"

"माझा हात थरथरतो. बरेच दिवस झाले. जाहिरात माझीच होती." त्याने काकांकडेही पाहिलं. "आज डॉक्टरांकडे जातो. पण वस्तरा यापुढे नाही धरणार. काका, तुमचीही हाच करेल."

काकांनी पेपर गुडघ्यावर ठेवला. मोबाईलवाल्याने डोळे उघडले होते, पण मान तशीच मागे ठेवली होती.

धाकट्याने झाडू भिंतीला लावला, हात धुतले, बराच वेळ पुसले. मग तो पहिल्या खुर्चीपाशी येऊन घुटमळला.

"आतल्या खुर्चीवर घेऊ यांना?" त्याने हळूच विचारलं.

"इथेच कर," दादा म्हणाला आणि खुर्चीमागून बाजूला झाला.